नाशिक: प्रमुख रस्त्यांचे अस्तरीकरण (जुन्या रस्त्यावर नवा डांबरी थर), राज्य अनुदानाच्या प्रस्तावाच्या नोंदी

६ ऑक्टोबर

महापालिकेच्या सहाही विभागांच्या रस्त्यांच्या याद्या आल्या. पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको आणि नाशिकरोड, प्रत्येकाची 'प्रमुख रस्ता' ही कल्पना वेगळी. कुणी कॉलनीतला ९ मीटरचा रस्ताही घातला आहे. एवढ्या लांब यादीला अनुदान मिळत नाही आणि मिळाले तर वाट्याला येते ते पॅचवर्कपुरते. म्हणून चाळणी लावली: विकास आराखड्यात १८ मीटर किंवा जास्त रुंदी, सिटीलिंकचा बसमार्ग, आणि रुग्णालय, बाजार समिती, रेल्वे स्टेशन किंवा औद्योगिक वसाहतीकडे जाणारी थेट वाट. तिन्हीपैकी दोन लागू असतील तरच रस्ता यादीत राहील.

सगळ्यात आधी पाहायचे ते मालकीचे. लोक 'पेठ रोड', 'पुणे रोड', 'त्र्यंबक रोड' एका दमात म्हणतात, पण एकाच नावाखाली काही लांबी महापालिकेची, काही सार्वजनिक बांधकामची, काही राष्ट्रीय महामार्गाची असते. सातपूर-अंबडमध्ये तर औद्योगिक विकास महामंडळाचे अंतर्गत रस्ते मध्येच येतात. जो रस्ता आपल्या ताब्यात नाही त्यावर अनुदान मागितले की मंत्रालयातून फाइल पहिल्याच शेऱ्यावर परत येते. प्रत्येक रस्त्याची सुरुवात आणि शेवट साखळी क्रमांकासह (रस्त्यावर मोजलेल्या अंतरासह), हस्तांतरणाच्या पत्राची प्रत सोबत. पत्र नसेल तेवढी लांबी वगळायची.

९ ऑक्टोबर

दोषदायित्वाची नोंदवही तपासली. ज्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी चालू आहे त्याची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. असा रस्ता नव्या प्रस्तावात आला तर लेखापरीक्षणात दुबार खर्चाचा आक्षेप ठरलेला. दोन लांब्या याच कारणाने वगळल्या. तिसऱ्या रस्त्याचा कालावधी संपायला चार महिने आहेत. तिथे आधी ठेकेदाराला नोटीस, पाहणीचा पंचनामा, मगच विचार.

१४ ऑक्टोबर

दृश्य पाहणी सुरू. दर ५० मीटरला एक ओळ: खड्डे, भेगा, चाकोरी, खाली बसलेला भाग, वर आलेली खडी, पाणी साचण्याची जागा. आयआरसी:८२ (इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांच्या देखभालीची संहिता) मधल्या गुणांकन पद्धतीने भरतो आहोत. एक गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली. मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा जिथे आहेत, तिथे खालचा थर थकलेला असतो. लांब, सरळ, रस्त्याला समांतर भेग दिसली की समजावे ती जुन्या चारीची कड आहे. दोन्हींवर एकच ४० मिमीचा थर टाकला तर पहिली भेग पावसाळ्यानंतर वर येते, दुसरी पावसाळ्याआधीच.

चाकोरी मोजायला ३ मीटरची सरळ पट्टी आणि पाचर. डोळ्यांनी अंदाज लिहू नये, सिग्नलजवळ तो नेहमी कमी धरला जातो.

१८ ऑक्टोबर, रात्र

बेंकेलमन बीमची चाचणी, म्हणजे भरलेल्या ट्रकखाली रस्ता किती दबतो (विक्षेपण) ते लांब दांडीने मोजणे. ट्रकचा मागचा आस ८.१७ टन, टायरमधला दाब ५.६ किलो प्रति चौ. सेंमी. वजनकाट्याची पावती फाइलमध्ये लावली. ती नसली की परीक्षणात सगळे वाचन संशयित ठरते. पावसाळा नुकताच संपला आहे, खालची माती अजून ओलसर, म्हणजे वर्षातली सर्वात वाईट अवस्था. हीच वेळ योग्य. मार्चमध्ये तीच जागा खणखणीत वाचन देते आणि जाडी कमी निघते.

एका बिंदूचा हिशेब इथे पूर्ण लिहून ठेवतो, कारण हा टप्पा चुकवला जातो. सुरुवातीचे वाचन ०, ट्रक २.७ मीटर पुढे गेल्यावर ०.३८ मिमी, त्यापुढे ९ मीटरवर ०.४२. नुसते दुप्पट केले तर ०.८४ मिमी. पण शेवटच्या दोन वाचनांतला फरक ०.०४, म्हणजे ०.०२५ पेक्षा जास्त आहे. याचा अर्थ बीमचे पुढचे पायही दबलेल्या भागातच उभे होते. मग दुरुस्ती: ०.०४ चे दुप्पट ०.०८, गुणिले २.९१, म्हणजे ०.२३. खरे विक्षेपण १.०७ मिमी. पृष्ठभागाचे तापमान ४१ अंश होते, प्रमाण ३५ अंश, दर अंशाला ०.०१ प्रमाणे ०.०६ वजा, म्हणजे १.०१. बीमच्या पायांची ही दुरुस्ती विसरला असता तर ०.७८ लिहून मोकळा झाला असता आणि रस्ता कागदावर मजबूत ठरला असता. ४१ हे दुपारचे तापमान, हा बिंदू बस थांब्याच्या बगलेत, तिथे दुपारी जागा मिळाली. बाकी सगळे रात्री घेतले. मुख्य पट्ट्यात दिवसा ट्रक उभा करणे शक्य नाही.

एका सारख्या भागात किमान १० बिंदू. सरासरीत प्रमाण विचलन (वाचने किती विखुरलेली आहेत त्याचे माप) मिळवून वैशिष्ट्य विक्षेपण, म्हणजे जाडी ठरवायला धरायचा आकडा, काढायचे. महामार्ग आणि राज्यमार्गांसाठी दुप्पट विचलन धरतात, शहरी रस्त्यांना एकपट. सगळा रस्ता एक भाग म्हणून धरला तर विचलन फुगते आणि चांगल्या लांबीवरही जाड थर पडतो. भाग पाडा, डांबर वाचते.

२४ ऑक्टोबर

चाचणी खड्डे. १ मीटर बाय १ मीटर, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात. यादीतल्या रस्ता क्र. ४ वर वरून खाली: जुना बीसी (बिटुमिनस काँक्रीट, सर्वात वरचा डांबरी थर) ४० मिमी, त्याखाली आणखी एक डांबरी थर ५०, बीएम (बिटुमिनस मॅकॅडम) ७५, खडीकरण २२५, मुरूम १५० आणि मग काळी माती. काळ्या मातीचा सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचे माप) भिजल्यावर २ ते ४ टक्क्यांवर येतो, त्यामुळे मुरुमाचा थर अखंड आहे का हे पाहणे महत्त्वाचे. इथे तो होता, पण खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पाणी झिरपू लागले.

पाऊस नव्हता. बाटलीत नमुना घेऊन क्लोरीन तपासणीचे दोन थेंब टाकले, पाणी पिवळे झाले. म्हणजे पाणी नळाचे. कोपऱ्यापासून दीड मीटरवर घराची जोडणी जाते. तिचा सांधा कधीपासून गळत असेल कुणास ठाऊक, पण वर दरवर्षी त्याच जागी खड्डा पडतो आणि दरवर्षी तो डांबराने भरला जातो. पाणीपुरवठा विभागाला जागेच्या खुणेसह पत्र. अंदाजपत्रकात या ठिकाणी अस्तरीकरणाआधी 'जोडणी बदल व ३ मीटर लांबीत पायापासून दुरुस्ती' अशी स्वतंत्र बाब ठेवली.

३० ऑक्टोबर

चेंबर मोजले. भुयारी गटार, पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह, दूरसंचार, वीज, प्रत्येकाची वेगळी यादी. ही यादी प्रस्तावाला सर्वात जास्त उपयोगी पडेल असे वाटते आणि अंदाजपत्रकात ती सहसा 'एकरकमी' या शब्दात विरून जाते.

क्र. ४ वर दुभाजकाच्या कर्बची (कडेच्या दगडाची) मूळ उंची १५० मिमी. आज मोजली तर जागोजागी ४० ते ६०. जुने थर न खरवडता त्यांच्यावर थर चढवल्याचा हा परिणाम. झाकण रस्त्यापेक्षा ७० मिमी खाली गेले की दुचाकीसाठी तो खड्डाच. शिवाय पावसाळी गटाराच्या जाळ्या कर्बच्या पोटात दबल्या आहेत, पाणी आत जात नाही, कडेने वाहते आणि कडेचा थर उखडते. म्हणून या रस्त्यांवर ५० मिमी मिलिंग (यंत्राने जुना थर खरवडणे) अनिवार्य असे टिपणीत लिहिले. वरच्यांना मिलिंगचा खर्च खटकतो. नाही धरला तर पुढच्या वेळी कर्ब बदलायचा, जाळ्या बदलायच्या, दुकानांचे उंबरे रस्त्याखाली जातात आणि दुकानदार पोती टाकून बसतात.

झाकणे उचलण्याचा क्रमही ठरवून टाकला. आधी झाकण उंच करून मग पेव्हर (थर पसरवणारे यंत्र) चालवला तर प्रत्येक झाकणाजवळ स्क्रीड (त्याची थर सपाट करणारी पाटी) उचलावी लागते, भोवतालचा मिक्स फावड्याने भरला जातो, रोलर तिथे नीट बसत नाही आणि तीच जागा सर्वात आधी फुटते. त्याऐवजी मिलिंगपूर्वी चौकट खाली घ्या, जाड लोखंडी पट्टी टाका, खूण कर्बवर रंगवा, पेव्हर सरळ चालवा, मग गोल कापून चौकट वर आणा. भोवती काँक्रीटचा पट्टा, ७ दिवस बॅरिकेड. ७ दिवस टिकणारी बॅरिकेड हा मात्र वेगळा विषय आहे.

६ नोव्हेंबर

गॅस, केबल, फायबर, पाणी आणि गटार या सगळ्यांना एकत्र बोलावले. पुढच्या दोन वर्षांत यादीतल्या रस्त्यांवर कुठे खोदाई करायची आहे ते लेखी मागितले. तोंडी सगळेच म्हणाले, 'सध्या काही नाही.' लेखीत तिघांनी लांबी दिली.

चारीचे गणित बैठकीत फळ्यावर मांडले. चारी १.२ मीटर खोल. उकरलेली माती तशीच ढकलली आणि ती पुढे फक्त ५ टक्के दबली, तरी वरचा पृष्ठभाग ६० मिमी खाली येतो. ६० मिमी म्हणजे आपल्या वरच्या ४० मिमीच्या थरापेक्षा जास्त. म्हणून अट: भराव १५० ते २०० मिमीच्या थरांत, प्रत्येक थर ओलावून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा, काळी माती परत चारीत नाही, वरचे ३०० मिमी खडीमिश्रित. पुनर्भरणाचे पैसे आगाऊ भरून घ्यायचे. ज्यांना खोदायचे आहे त्यांनी डांबराआधी खोदावे. डांबर झाल्यावर तातडीची गळती वगळता परवानगी नाही, आणि रस्ता ओलांडायचा असेल तर आडवे भुयार पाडून.

आणखी एक: रिकामे डक्ट. दर चौकात १५० मिमीचे दोन पाइप आडवे टाकून ठेवले तर पुढच्या पाच वर्षांतली निम्मी आडवी खोदाई टळेल असा आमचा अंदाज. खर्च किरकोळ, म्हणून अंदाजपत्रकात घातले.

१२ नोव्हेंबर

वाहतूक गणना पूर्ण. दिवाळीच्या सुट्ट्यांतले दिवस टाळले, त्या आठवड्यात ट्रक कमी आणि चारचाकी जास्त धावतात. थराची जाडी व्यावसायिक वाहने ठरवतात, मोटारसायकली नव्हे, हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते.

नमुन्यासाठी: एका दिशेला दिवसाला १,००० व्यावसायिक वाहने, वाढ ५ टक्के, आयुष्य १० वर्षे. वाढीचा गुणक १२.५८. दुहेरी दोन पदरी रस्ता म्हणून ७५ टक्के वाटा, वाहन हानी गुणक (एक वाहन किती प्रमाण आसांइतकी झीज करते) ३.९. ३६५ × १,००० × १२.५८ × ०.७५ × ३.९, म्हणजे सुमारे १३.४ एमएसए (दशलक्ष प्रमाण आस). वाढ ५ ऐवजी ७.५ धरून जाडी वाढवायचा मोह होतो, पण त्याला आधार द्यावा लागतो, आधार नसेल तर ५ वरच थांबावे.

१९ नोव्हेंबर

परिमाणांचा दिवस. १ किमी, ७ मीटरच्या दोन बाजू, म्हणजे १४,००० चौ. मीटर. दुरुस्ती, चारीचे पट्टे आणि पायापासूनचे भाग वेगळे.

मिलिंग ५० मिमी: ७०० घनमीटर, म्हणजे सुमारे २४७ ब्रास. खरवडलेला माल महापालिकेची मालमत्ता आहे. कुठे टाकणार, कशात वापरणार आणि त्याची किती रक्कम वजा, हे अंदाजपत्रकात दिसले पाहिजे. वजावट नसेल तर लेखापरीक्षक पहिले बोट तिथेच ठेवतो. आम्ही साइडपट्टी आणि पार्किंगच्या जागांसाठी वापर दाखवला.

टॅक कोट (थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा): जुन्या डांबरावर ०.२० ते ०.३० किलो प्रति चौ. मीटर. ०.२५ धरून ३,५०० किलो इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर). डीबीएम (बीसीखालचा घट्ट डांबरी थर) ग्रेडिंग २, ५० मिमी: ७०० घनमीटर, घनता २.३५ धरून १,६४५ टन, त्यात डांबर ४.५ टक्के, सुमारे ७४ टन. बीसी ग्रेडिंग २, ४० मिमी: ५६० घनमीटर, घनता २.४ धरून १,३४४ टन, ५.४ टक्क्यांनी डांबर ७२.६ टन. हे टक्के किमान आहेत. खरे प्रमाण मार्शल डिझाइनने (प्रयोगशाळेतल्या मिश्रणाच्या चाचणीने) ठरेल आणि बसाल्टची खडी कुठल्या खाणीची यावर ते हलते. सारूळ परिसरातल्या खाणींवरून लीड (वाहतुकीचे अंतर) धरला आहे, निविदेनंतर खाण बदलली तर डिझाइन पुन्हा.

१,३४४ टन म्हणजे १६ टनांचे ८४ डंपर. तासाला ६० टनांचा प्लांट असेल तर सुमारे साडेबावीस तास सलग उत्पादन. प्रत्यक्षात सलग काही चालत नाही, म्हणून एका किलोमीटरला एका बाजूच्या दोन रात्री, एकूण चार असे वेळापत्रक धरले.

५० मिमी काढून ९० मिमी टाकले तर रस्ता ४० मिमी वर जातो. जिथे कर्ब ६० मिमी उरला आहे तिथे फक्त बीसी, किंवा ९० मिमी मिलिंग. सरसकट एकच छेद सगळ्या लांबीला लावू नये, यावर आमच्यातच तासभर वाद झाला. शेवटी तीन नमुना छेद केले.

२६ नोव्हेंबर

दर. सार्वजनिक बांधकामच्या चालू दरसूचीप्रमाणे, जी बाब नाही तिचे दरविश्लेषण जोडले. डांबराचे भाव तेल कंपन्या दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलतात, त्यामुळे आजचा भाव आणि निविदेच्या दिवशीचा भाव यांत फरक पडणारच. तारांकित दर (ज्या मूळ भावाशी तुलना करून फरक दिला-घेतला जातो तो) अंदाजपत्रकात स्पष्ट लिहिला. तो नसेल तर भाव चढल्यावर ठेकेदार डांबर कमी घालतो आणि उतरल्यावर गप्प बसतो. प्रत्येक टँकरची रिफायनरीची गेटपास, मूळ प्रत, देयकासोबत.

वर जीएसटी १८ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का, त्रयस्थ तपासणी, सेवावाहिन्या स्थलांतर. दुभाजकाचे सुशोभीकरण, कारंजे आणि स्वागत कमान एका यादीतून आली होती. काढून टाकली. अस्तरीकरणाच्या अनुदानात कमान दिसली की सगळ्या प्रस्तावाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

४ डिसेंबर

वेळापत्रक जुळवताना नाशिकची थंडी आडवी आली. हवेचे तापमान १० अंशांखाली असेल तर डांबरी मिश्रण टाकायचे नाही, असे विनिर्देश सांगतात. इथे डिसेंबर अखेर ते जानेवारीत पहाटे पारा त्याखाली जातो. वाहतूक पोलीस रात्री ११ नंतरच रस्ता देतात. ४० मिमीचा पातळ थर अशा हवेत भराभर गार होतो. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचे मिश्रण पेव्हरमध्ये किमान १४० अंशांवर पडले पाहिजे आणि ९० च्या खाली जाण्याआधी रोलिंग संपले पाहिजे. ९० खाली रोलर फिरवला तर वरून गुळगुळीत दिसते, आत पोकळ राहते, पावसात खडी सुटते. म्हणून त्या सहा आठवड्यांत बीसी फक्त रविवारी दुपारी, रात्री मिलिंग आणि चेंबरची कामे.

खरवडलेली बाजू वाहतुकीला दोन रात्रींपेक्षा जास्त उघडी ठेवायची नाही. धूळ खाचांत बसते, झाडूने निघत नाही, कॉम्प्रेसर लागतो. टॅक कोट तपकिरीचा काळा झाल्याशिवाय पेव्हर पुढे नाही. तपकिरी असतानाच मिश्रण टाकले तर थर चिकटत नाही, ब्रेकच्या जागी सिग्नलला सरकतो आणि अर्धचंद्राच्या भेगा पडतात. वाहतूक सोडण्याआधी थर ६० अंशांखाली. टेम्परेचर गन दोन ठेवा, एक बंद पडते.

२०२७ च्या सिंहस्थातले पहिले अमृतस्नान २ ऑगस्टला आहे, म्हणजे भर पावसाळ्यात. त्याआधीचा शेवटचा डांबरी हंगाम ऑक्टोबर २०२६ ते मे २०२७. पर्वणीच्या मार्गांवरची कामे कुंभाच्या निधीतून मंजूर असतील तर ती आपल्या यादीत नकोत. उरलेल्या रस्त्यांवरही त्या हंगामात प्लांट, पेव्हर आणि रोलर मिळतील असे गृहीत धरू नये. सगळे एकाच वेळी मागतील.

११ डिसेंबर

कागदांचा गठ्ठा: ठराव (लोकनियुक्त सभा असेल तर महासभेचा, नसेल तर प्रशासकांचा), स्वहिश्श्याची तरतूद अर्थसंकल्पात असल्याचा लेखा विभागाचा दाखला, हेच काम अन्य योजनेतून प्रस्तावित नसल्याचा दाखला, मालकीचा दाखला, दोषदायित्वात नसल्याचा दाखला, सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता, अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे. नगरोत्थान महाअभियानातला (राज्याच्या शहर अनुदान योजनेतला) शासनाचा हिस्सा महापालिकेच्या वर्गावर अवलंबून असतो. उरलेला आपला, आणि तो आहे हे दाखवता आले नाही तर बाकी सगळे व्यर्थ.

दाखल्यांवरची तारीख ठरावानंतरची असावी. एका दाखल्यावर आधीची पडली होती, पुन्हा घेतला.

२२ डिसेंबर

तांत्रिक छाननीतून शेरे आले. एकूण अकरा. त्यातले सात किरकोळ, बेरजेचे. खरे चार: एकाच रस्त्याचे दोन तुकडे करून दोन अंदाजपत्रके का, चेंबरची संख्या दरसूचीच्या बाबीशी जुळत नाही, क्र. ४ वर जाडीचे समर्थन द्या, मिलिंगच्या मालाची वजावट कमी वाटते.

तुकडे जोडले, हा आमचाच दोष, विभागाची हद्द बदलते म्हणून वेगळे केले होते. चेंबर पुन्हा मोजले: डांबराखाली गाडलेली झाकणे सुटली होती, मेटल डिटेक्टरने सापडली. विक्षेपणाचे तक्ते, बीमच्या पायांच्या दुरुस्तीसह, जसेच्या तसे जोडले. त्यावर पुढे शेरा आला नाही.

८ जानेवारी

गुणवत्ता आराखडा जोडला. मार्शलचा एक संच दर ४०० टनांना, दिवसाला किमान दोन. घनतेसाठी दर ७०० चौ. मीटरला एक कोर (थरातून कापून काढलेला गोल नमुना), म्हणजे किलोमीटरला २०. घनता सैल मिश्रणाच्या कमाल घनतेच्या ९२ टक्क्यांपेक्षा कमी नको. कोरची जागा ठेकेदाराने निवडायची नाही, त्रयस्थ तपासनीसाने त्याच रात्री खडूने खूण करायची. कोरची भोके त्याच दिवशी गरम मिश्रणाने भरायची. ती उघडी राहिली की तिथूनच पाणी शिरते.

देयक मोजमाप पुस्तिकेवर, डंपरच्या वजनपावत्यांची बेरीज आणि रस्त्यावरचे घनफळ यांचा ताळा रोजच्या रोज. दोन्हींत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर त्या रात्रीचे देयक थांबवायचे.

१९ जानेवारी

प्रस्ताव नगरविकास विभागाकडे रवाना, तीन प्रती आणि सॉफ्ट कॉपी. हप्ते उपयोगिता प्रमाणपत्रावर (आधीचा निधी खर्च झाल्याच्या दाखल्यावर) सुटतात, म्हणून पहिल्या हप्त्यात तेवढेच रस्ते दाखवले जे मार्चअखेर मिलिंग आणि सेवावाहिन्यांपर्यंत तरी पोहोचतील. आचारसंहिता लागली तर कार्यादेश अडकतो, ते तीस दिवस वेळापत्रकात वेगळे धरले आहेत.

क्र. ४ च्या कोपऱ्यावर आज पुन्हा जाऊन आलो. नळजोडणी बदलली आहे, खड्डा मुरुमाने भरला आहे, पृष्ठभाग कोरडा. फेब्रुवारीत पुन्हा एकदा खणून क्लोरीनचे दोन थेंब टाकायचे, मगच ती लांबी डांबराच्या यादीत.